गेज प्रेशर आणि ॲब्सोल्यूट प्रेशर: शरीरात बसवायचा सेन्सर नक्की काय मोजतो?

नेरळला जायचं म्हणून हार्बर पकडून नेरूळला येऊन उतरलेला एक तरी पाहुणा आम्हाला दर पावसाळ्यात भेटतो, त्याला मी माफ करतो. पण "आमचा इम्प्लांट गेज प्रेशर मोजतो" असं प्रोजेक्ट रिपोर्टात ठोकून देणाऱ्यांना नाही, कारण हे वाक्य मी आता इतक्यांदा वाचलंय की विचारू नका.

गेज प्रेशर तुम्हाला माहितीये, बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा किती जास्त ते. बीपी 120/80 म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा 120 मिमी पारा जास्त. पंक्चर टायरवर मीटर शून्य दाखवतो, आत हवा असते तरी. झालं. आयसीयूत सिस्टर ट्रान्सड्यूसरचा (दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) नळ हवेकडे उघडून झीरो मारतात ना, तेही हेच.

आता इम्प्लांट. गेज सेन्सरमध्ये दाबाने वाकणाऱ्या पडद्याच्या मागची बाजू एका बारीक नळीने बाहेरच्या हवेला जोडलेली असते. डोक्यात किंवा फुफ्फुसाच्या धमनीत सेन्सर कायमचा बसवायचा म्हटल्यावर ही नळी बाहेर काढणार कुठून? कातडीतून काढली तर इन्फेक्शनला आमंत्रण. म्हणून पडद्यामागे बंद पोकळी ठेवतात आणि ती शक्यतो व्हॅक्यूमची, कारण 25 डिग्रीला साधी हवा भरून सील केली तर 37 डिग्रीच्या शरीरात जाऊन तीच हवा 30 मिमीच्या आसपास जास्त ढकलायला लागते. थोडक्यात हा सेन्सर व्हॅक्यूमपासून मोजतो, म्हणजे गेज नाही, ॲब्सोल्यूट प्रेशर. कवटीतलं गेज प्रेशर 10 मिमी असेल तर त्याला दिसतात 770, आणि त्यातले 760 हे डोक्याचे नाहीत, वातावरणाचे आहेत!

ते वजा करायचे, एवढंच ना? हो, पण कुठले 760? उंची साधारण 11 मीटर वाढली की हवेचा दाब 1 मिमीने उतरतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये तिसाव्या मजल्यावर पेशंट राहतो, तिथे हवा 752, सेन्सर वाचणाऱ्या बाहेरच्या यंत्राने, म्हणजे रिडरने, तोच आकडा धरून ठेवला आणि हा लिफ्टने पार्किंगमध्ये आला, तर स्क्रीनवर 10 चे 18 होतात. डोक्याला मार लागलेल्या पेशंटला 22 च्या वर उपचार सुरू करतात, म्हणजे नुसत्या लिफ्टने आपण त्याला त्या रेषेजवळ नेऊन ठेवला. माथेरानला गेला तर 65 च्या आसपास फरक, उणे आकडा बघून घरचे घाबरणारच.

आणि एका जागी बसून राहिलात तरी सुटका नाही. आमच्या महापेच्या लॅबमध्ये एका इंटर्नने सेन्सर सलाईनमध्ये 37 डिग्रीला ठेवला होता, तर रोज सकाळी दहाला आकडा वर आणि दुपारी चारला दोन-अडीच मिमी खाली. "सर, ड्रिफ्ट आहे, कोटिंगमधून पाणी शिरतंय." (ड्रिफ्ट म्हणजे दाब तोच असताना सेन्सरचा आकडा हळूहळू सरकणं.) त्याने कोटिंग तीनदा बदललं, तीन आठवडे गेले, मीही आधी मान डोलावली हे कबूल करतो. मग एकदा रात्रीचा डेटा बघितला तर दहाला आकडा परत वर. शिरलेलं पाणी रोज वेळापत्रकाने बाहेर कसं येईल हो? आपल्याकडे हवेचा दाबच दिवसातून दोनदा असा वर-खाली होतो. शेजारी बॅरोमीटर ठेवला, वजाबाकी केली, रेषा सपाट. ड्रिफ्ट असतोच, नाही असं नाही, पण या वजाबाकीनंतर जे उरतं त्याला ड्रिफ्ट म्हणायचं, आधी नाही.

कपॅसिटिव्ह (दाबाने कपॅसिटन्स बदलणारा) सेन्सर चांगला की पिझोरेझिस्टिव्ह (दाबाने रेझिस्टन्स बदलणारा), यावर लोक तासन्‌तास भांडतात. मला कमी वीज खातो म्हणून कपॅसिटिव्ह आवडतो, विषय संपला. कार्डिओमेम्स या सेन्सरचंच बघा, अमेरिकेत एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) 2014 मध्ये मंजूर केलेला, हार्ट फेल्युअरच्या पेशंटच्या फुफ्फुसाच्या धमनीत बसवतात. आत बॅटरीच नाही, नुसती कॉइल आणि कपॅसिटर, दाब बदलला की फ्रिक्वेन्सी बदलते. पेशंट घरी उशीसारख्या अँटेनावर पडतो, रीडिंग जातं. पण बाहेरच्या हवेचा दाब मोजून वजा करण्याचं काम त्या बाहेरच्या युनिटलाच करावं लागतं.

आता माझा सगळ्यात मोठा राग. "सर, हवेचा दाब वेदर ॲपवरून घेतो ना!" अरे बाबा, ॲपवाले समुद्रसपाटीला आणून सुधारलेला आकडा देतात. पुण्यात ॲप 1010 मिलीबार दाखवेल आणि खरा दाब 950 च्या आसपास असेल, म्हणजे 45 मिमी पाऱ्याची चूक तिथेच. नवी मुंबईत चूक लहान असते म्हणून सगळं बरोबर चाललंय असं वाटतं आणि डेमो पुण्यात गेला की फजिती. मोबाईलमध्ये असते तसली बॅरोमीटर चिप काही शे रुपयांत मिळते. ती घ्या, पेशंटच्या शेजारी ठेवा आणि सेन्सर वाचाल त्याच सेकंदाला तीही वाचा.