अमिगा १२००ची हार्ड डिस्क आणि चार जीबीची वेस

जुना अमिगा १२०० हा घरगुती संगणक हाती लागलेला माणूस थोड्याच दिवसांत हमखास एक प्रश्न विचारतो. आत हार्ड डिस्क म्हणून ३२ जीबीचं मेमरी कार्ड बसवलं, संगणक सुरूही झाला, मग त्यातले पहिले चारच जीबी वापरा असं जो तो का बजावतो? कार्ड नकली आहे का? कार्ड अस्सल असतं. अडचण ज्या काळात हे यंत्र घडलं त्या काळाची आहे, आणि ती समजून घ्यायची तर फ्लॉपीपासून सुरुवात करावी लागते.

कमोडोर कंपनीने पहिला अमिगा जुलै १९८५ मध्ये न्यूयॉर्कला दाखवला. त्याच्या एका फ्लॉपीत ८८० केबी मावत. १९८७ मध्ये आलेला अमिगा ५०० युरोपात घरोघरी पोचला, तोही फ्लॉपीवरच. मोठा गेम म्हणजे चार-पाच फ्लॉप्या आणि दर थोड्या वेळाने ‘दुसरी डिस्क घाला’ची सूचना. (भारतात अमिगा फारसा पोचलाच नाही. आपल्याकडे त्या सुमारास घरचा संगणक म्हणजे टीव्हीला जोडलेला डीबी स्पेक्ट्रम आणि शेजारी कॅसेट प्लेअर. त्यापुढे फ्लॉपी ही चैनच होती.)

हार्ड डिस्क जोडायची सोय होती, पण सुरुवातीला तिचा उपयोग अर्धाच व्हायचा. यंत्राच्या रॉममधली प्रणाली, म्हणजे किकस्टार्ट, हार्ड डिस्कवरून थेट सुरू होऊ शकत नसे. आधी फ्लॉपी घालायची, मग डिस्क जागी करायची. १९८८च्या किकस्टार्ट १.३ने ही कटकट संपवली. पुढच्याच वर्षी ए५९० नावाचं खोकं आलं, ते अमिगा ५००च्या डाव्या कुशीला लागायचं. आत २० एमबीची डिस्क, म्हणजे साधारण २३ फ्लॉप्यांचा ऐवज. पण ती एक्सटी जातीची होती आणि ती जात लवकरच लोप पावली. त्यामुळे ए५९०मधली डिस्क मेली की तशीच दुसरी मिळणं मुश्किल. ज्यांचं काम तरलं ते खोक्यातल्या स्कझी या दुसऱ्या जातीच्या जोडणीमुळे. डिस्क मोठी करताना डिस्कपेक्षा तिची जोडणी कुठली हे आधी पाहावं लागतं, हे अमिगावाल्यांना इथेच पहिल्यांदा कळलं.

१९९२ मध्ये कमोडोरने दोन यंत्रं आणली, मार्चमध्ये अमिगा ६०० आणि ऑक्टोबरमध्ये १२००. दोन्हींच्या बोर्डावर गेल नावाची चिप आणि लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कसाठी ४४ पिनांची आयडीई जोडणी. अडीच इंची डिस्क तेव्हा नवीच होती. प्रेअरीटेक कंपनीने पहिली बाजारात आणली ती १९८८ मध्ये, २० एमबीची. ४४पैकी जादा पिनांमधून डिस्कला वीजही मिळे, वेगळी वायर नको. आज ही जोडणी म्हणजे वरदान वाटतं. तेव्हा घाईचाच कारभार होता: सुरुवातीच्या काही ६००मध्ये किकस्टार्टची ३७.२९९ ही आवृत्ती होती आणि तिला आतली हार्ड डिस्क दिसतच नसे. ३७.३००ला दिसे. बाहेरून दोन्ही यंत्रं जुळी. आजही ६०० विकत घेताना जाणकार माणूस आधी आवृत्तीचा आकडा विचारतो, मग किंमत.

१२००ची ब्रिटनमधली किंमत ३९९ पौंड होती. इतक्यात बसवायचं म्हणून बरेचसे डिस्कशिवायच विकले गेले. लॅपटॉपच्या डिस्का महाग, पीसीच्या साडेतीन इंची डिस्का स्वस्त. मग लोकांनी जे केलं ते पाहण्यासारखं आहे. कीबोर्ड उचलायचा, खालचा पत्रा काढायचा किंवा सरळ कापायचा, आणि फ्लॉपी ड्राइव्हशेजारच्या जागेत ती जाडजूड डिस्क कोंबायची. साडेतीन इंचीला १२ व्होल्ट लागतात आणि ते ४४ पिनांत नाहीत, म्हणून फ्लॉपीच्या विजेच्या वायरीला फाटा काढायचा. एवढं करून झाकण लावलं की कीबोर्ड मधोमध किंचित फुगलेला दिसे. शिवाय १२००सोबत मिळणारा वीजपुरवठा अमिगा ५००च्या विटेसारख्या ठोकळ्यापेक्षा कमजोर, तेव्हा जुनी वीट शोधून आणायची. अशी पत्रा कापलेली यंत्रं आजही बाजारात येतात. संग्राहक नाकं मुरडतात, मला मात्र ती जास्त आवडतात. कोणीतरी ती खरोखर वापरली होती.

कमोडोरने २९ एप्रिल १९९४ रोजी दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणलं, ५० पिनांचं, आणि गरज पडली तर आयडीई डिस्कचं सोंग बिनचूक वठवणारं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण १२००च्या पोटात आज जे बसतं ते बहुतेक वेळा हेच कार्ड आणि चिप वगैरे काही नसलेलं एक साधं अडॅप्टर.

आता चार जीबी. अमिगाची फाइल प्रणाली, म्हणजे डिस्कवर फाइली लिहिणारा-वाचणारा भाग, डिस्कशी बोलताना ‘सुरुवातीपासून इतक्या बाइटवर लिही’ असं सांगते, आणि तो आकडा ३२ बिटांत मावावा लागतो. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळे आकडे बसतात. म्हणजे ४ जीबी, फ्लॉप्यांत मोजायचं तर पावणेपाच हजार. २० एमबीच्या जमान्यात हा हिशेब करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. घोळ पुढे आहे. आकडा संपला की यंत्र थांबत नाही. जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९ नंतर गुपचूप शून्यावर येतो, तसं हे पुन्हा सुरुवातीला येतं. आणि अमिगाच्या डिस्कच्या सुरुवातीलाच असतो आरडीबी, म्हणजे डिस्कचा कुठला भाग (पार्टिशन) कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याचा सातबारा. तुम्ही शेवटच्या पार्टिशनवर एखादी फाइल उतरवता, कॉपी पूर्ण झाल्याचं दिसतं, चूक म्हणून काही येत नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करावं तर डिस्कच नाही. सातबाऱ्यावरच कुणीतरी दुसरं काहीतरी लिहून ठेवलेलं असतं.

ही वेस ओलांडायचे बरेच प्रयत्न झाले. १९९८च्या सुमारास स्मार्ट फाइल सिस्टिम ही नवी फाइल प्रणाली आली. पीएफएस३ या आणखी एका फाइल प्रणालीने वेगळी वाट धरली. आयडीई डिस्कलाही स्कझीच्या भाषेत हुकूम देता येतो आणि त्या भाषेत बाइटऐवजी ब्लॉकचा, म्हणजे अनेक बाइटच्या तुकड्याचा, क्रमांक सांगतात, हे तिने हेरलं. म्हणून किकस्टार्ट ३.१ला हात न लावताही ती चार जीबीपलीकडे जाते. (पुढे त्याच रॉमची सुमारे आठ जीबीवर दुसरी वेस लागते, ती निराळी.) १९९९च्या अमिगाओएस ३.५ने अधिकृत तोडगा दिला, पण त्यातली गंमत बघा: मोठी डिस्क हाताळणारी नवी प्रणाली डिस्कवरून वाचायची, मग डिस्क मोठी होणार. आधी कोंबडी की आधी अंडं! म्हणून सुरुवातीचं पार्टिशन पहिल्या चार जीबीतच ठेवावं लागे. हे कोडं रॉममध्येच सोडवलं ते २०१८च्या ३.१.४ने, म्हणजे कंपनी बुडाल्यावर २४ वर्षांनी. इतक्या वर्षांनी एका बंद पडलेल्या घरगुती संगणकासाठी कुणी नवी रॉम लिहावी, हे मला डिस्कपेक्षा जास्त नवलाचं वाटतं.

एक खाच मात्र अजूनही पाय अडकवते. आयडीईवर एका हुकमात जास्तीत जास्त २५६ सेक्टर, म्हणजे १२८ केबी मागता येतात. अमिगाची फाइल प्रणाली त्याहून मोठा घास मागू शकते आणि काही कार्डं तिथे गडबडतात. लहान फाइली ठीक, मोठी चित्रं आणि आर्काइव्ह खराब. एकदा मी रॅमवर संशय घेऊन अख्खी संध्याकाळ घालवली होती. उपाय म्हणजे अमिगाच्या हार्ड डिस्क टूलबॉक्स या प्रोग्राममधला, एका घासाची मर्यादा ठरवणारा एक आकडा: मॅक्सट्रान्सफर १एफई००, म्हणजे १,३०,५६० बाइट, ५१२ बाइटचे बरोबर २५५ सेक्टर. दुसरी खाच आजच्या पीसीची. विनयूएई या, पीसीवर अमिगाचं सोंग आणणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्ड खऱ्या डिस्कसारखं जोडून सगळी तयारी पीसीवर करता येते, पण कार्ड घातल्या घातल्या विंडोज अदबीने विचारतं, ‘फॉरमॅट करू का?’ तिथे हो म्हणायचं नाही.

वेगाची आशा धरून हे करणाऱ्यांचा हिरमोड होतो. कार्ड कितीही चपळ असलं तरी १२००ची मूळ आयडीई सेकंदाला साधारण दोन-तीन एमबीच ओढते. मोठी डिस्क लागते ती डब्ल्यूएचडीलोडसाठी. १९९६ पासूनचा हा प्रोग्राम मूळ फ्लॉपीवरचे, प्रणालीला बाजूला सारून थेट चिपशी बोलणारे गेम हार्ड डिस्कवरून चालवतो आणि एक कळ दाबली की वर्कबेंचवर, म्हणजे अमिगाच्या मुख्य पडद्यावर, परत आणतो. ते चार-पाच फ्लॉप्यांचे गेम आता एका फोल्डरमध्ये असतात, आणि अशा शेकडो फोल्डरांनाही चार जीबी पुरून उरतात. म्हणून मी स्वतः ४ जीबीचंच कार्ड वापरतो आणि वेशीच्या आत राहतो.

कार्डाला आवाज नसतो. फक्त दिवा लुकलुकतो आणि कित्येकांना ते सहन होत नाही. त्यांच्यासाठी आता त्या दिव्याच्या वायरीला जोडायचं एक छोटं बोर्ड मिळतं. दिवा लागला की ते जुन्या डिस्कसारखं कटकट वाजतं.