ट्रॅव्हल ट्रेलर (जुने, अमेरिकी)

मोटारीला मागे जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे घर. त्याला स्वतःचे इंजिन नसते. मुक्कामावर ते सोडून ठेवले की मोटार फिरायला मोकळी होते. या वाहनाचा इतिहास मुख्यतः अमेरिकेत घडला. तेथे साधारण १९२० ते १९७० या काळातल्या ट्रेलरांना हौशी मंडळी ‘व्हिंटेज’ म्हणतात.

मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्यावर लोक तंबू आणि डबाबंद अन्न घेऊन भटकू लागले. अशा भटक्यांची ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना १९१९ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे स्थापन झाली. सुरुवातीचे बरेच ट्रेलर हौशी लोकांनी घरीच ठोकून तयार केले होते. डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन यांच्या ‘कव्हर्ड वॅगन’ कंपनीने १९३०च्या दशकात हा माल कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर बाहेर काढला.

बांधणीला खरे वळण दिले ते विमानवाल्यांनी. अटलांटिक महासागर एकट्याने न थांबता विमानाने ओलांडणाऱ्या लिंडबर्ग यांच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ या विमानाच्या बांधणीवर देखरेख करणारे हॉली बोलस हे मुळात ग्लायडर (बिनइंजिनाची विमाने) बनवणारे. त्यांनी १९३४ मध्ये रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमचा ‘रोड चीफ’ हा ट्रेलर काढला. दिसायला तो देखणा, पण दार पुढच्या टोकाला, जोडदांड्याच्या वर; आत शिरायचे तर दांड्याचा अडथळा आधी ओलांडावा लागे. बोलस यांचे ट्रेलर विकणाऱ्या वॉली बायम यांनी दार बाजूला आणले आणि १९३६ मध्ये ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणला. चौघांच्या झोपण्याची सोय असलेल्या या ट्रेलरची किंमत १,२०० डॉलर, म्हणजे मंदीच्या काळात चांगलीच जड होती. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळले आणि एअरस्ट्रीमचा कारखाना बंद पडला. युद्ध संपल्यावर उलटे घडले. विमानांची मागणी आटली, तेव्हा ओक्लाहोमा राज्यातील टल्साचा स्पार्टन विमान कारखाना ट्रेलर बनवू लागला. एअरस्ट्रीमही पुन्हा सुरू झाली आणि १९५२ मध्ये तिने ओहायोतील जॅक्सन सेंटर येथे कारखाना उघडला. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११च्या अंतराळवीरांना १९६९ मध्ये ज्या फिरत्या कक्षात विलग ठेवले, तो एअरस्ट्रीमच्याच ट्रेलरवरून केलेला होता.

‘जुने ते भक्कम’ ही ख्याती मात्र अर्धीच खरी आहे. १९५०-६०च्या दशकांतील बहुसंख्य ट्रेलर, उदाहरणार्थ मागच्या बाजूला पत्र्याचे पंख मिरवणारे ‘शास्ता’, स्वस्त आणि हलके बनवलेले होते. बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, आतून पॉलिश केलेले बर्च प्लायवुड, बाहेरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. आतल्या कपाटांनाही भिंती ताठ ठेवण्याचे काम असे. जागा मोकळी करण्यासाठी ती उखडली की सगळा डोलारा डगमगतो. पत्र्याच्या कडा जेथे मिळतात तेथे धातूची पट्टी आणि तिच्याखाली फट बुजवणारी पुटी असते. पुटी काही वर्षांत सुकून तडकते, पाणी आत झिरपते आणि बाहेरचा पत्रा चकचकीत असताना आतले लाकूड कुजून भुसा झालेले असते.

एअरस्ट्रीमच्या भिंतीत लाकूड नाही. ॲल्युमिनियमच्या बरगड्यांवर आतून-बाहेरून पत्रे रिव्हेट केलेले असतात आणि भार सगळ्या कवचावर वाटला जातो. तिचा कमकुवत भाग पायाशी आहे. पोलादी चासी आणि कवच यांच्यामध्ये प्लायवुडची फरशी दाबून बसवलेली असते. मागच्या बंपराजवळून किंवा खिडक्यांतून पाणी गेले की तिची कडा कुजते, आणि मग कवचाचा मागचा भाग चासीपासून सुटू लागतो. १९७०च्या दशकातील लांब नमुन्यांत हा दोष विशेष आढळतो. बंपरावर उभे राहून जोर दिल्यावर बंपर खाली जातो आणि कवच जागचे हलत नाही असे दिसले, तर फरशी गेली असे समजावे. १९६०च्या दशकापासून बसवलेल्या रबरी टॉर्शन ॲक्सलमधले (स्प्रिंगऐवजी रबराच्या साहाय्याने धक्के झेलणारा चाकांचा आस) रबरही कालांतराने निबर होते आणि धक्के सरळ कवचाला बसतात.

म्हणून जाणकार ग्राहक कंपनीचे नाव विचारण्याआधी ट्रेलर इतकी वर्षे छपराखाली होता की उघड्यावर, हे विचारतो. कोरड्या हवेच्या ॲरिझोनातला साधा लाकडी ट्रेलर पावसाळी ओरेगॉनमधल्या महागड्या ट्रेलरपेक्षा बरा निघू शकतो.