नुसतं चालून पुरतं का? बायका, स्नायू आणि इन्सुलिन

जून २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या सर्वेक्षणाचा देशव्यापी अहवाल आला आणि मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात पहिला निघाला. देशाची सरासरी ११.४ टक्के, गोव्याचं प्रमाण २६.४. म्हणजे इथल्या दर चार प्रौढांमागे एक. डिचोली-फोंड्याकडच्या एखाद्या बाईच्या रिपोर्टवर 'प्री-डायबेटिक' (साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर) किंवा 'पीसीओडी' (पाळी बिघडवणारा अंडाशयांचा विकार) आलं की तिला बहुधा एकच सल्ला मिळतो: रोज चाला. सल्ला चांगलाच आहे, पण अर्धा. तो अर्धा का राहिला, हे समजून घ्यायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकाचं पहिलं इंजेक्शन टोरांटोत १९२२ साली दिलं गेलं. चारच वर्षांनी लंडनच्या आर. डी. लॉरेन्स यांनी दाखवून दिलं की व्यायामामुळे टोचलेल्या इन्सुलिनचा परिणाम वाढतो. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते. पुढे १९३६ मध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना इन्सुलिन आणि ग्लुकोज एकत्र देऊन पाहिलं. काहींची साखर खाली राहिली, काहींवर इन्सुलिनचा फारसा परिणामच झाला नाही. आज ज्याला आपण इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतो, त्याची ही पहिली स्पष्ट नोंद. मात्र रक्तातलं इन्सुलिन नेमकं मोजता येऊ लागलं ते १९६० च्या सुमारास, रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांच्या पद्धतीमुळे. तेव्हा कळलं की मोठ्या वयात मधुमेह जडलेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन मुबलक असतं, शरीरच त्याला दाद देत नाही.

बायकांची गोष्ट याच काळात वेगळ्याच खोलीत चालली होती. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी सात स्त्रियांचं वर्णन केलं: पाळी अनियमित, अंडाशयं मोठी आणि गाठीगाठींची. आजचा पीसीओएस, म्हणजेच रिपोर्टवरचा 'पीसीओडी', तो हाच. पण तो स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच राहिला. या स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिनही जास्त असतं, हे पुढे यायला १९८० उजाडलं. पंचेचाळीस वर्षं! तोवर किती मुलींना फक्त पाळी सुरळीत करायच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं असेल, या विचाराने आजही जीव तुटतो.

खरी उकल स्नायूंमध्ये होती. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. पेशीत साखर आत घेणारं ग्लुट-४ नावाचं प्रथिन १९८० च्या दशकाच्या अखेरीस ओळखलं गेलं. एरवी ते पेशीच्या आत पडून असतं, इन्सुलिनचा निरोप आला की पृष्ठभागावर येतं. रेझिस्टन्समध्ये हा निरोप नीट पोचत नाही. पण स्नायू आकुंचन पावला की तेच प्रथिन दुसऱ्या वाटेने वर येतं, इन्सुलिनवाचून. शिवाय व्यायामानंतर साधारण एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनलाही अधिक प्रतिसाद देतात. म्हणून वजन तसूभर कमी झालं नाही तरी फायदा होतो, आणि म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये म्हणतात.

मग चालण्यावरच भर का? मोठे प्रयोग मुख्यतः त्याच वाटेने गेले. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमने २००२ मध्ये दाखवलं की आहार, सात टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल एवढ्यावर मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी उतरतो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने तो ३१ टक्के उतरला होता. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या भारतीय अभ्यासात जीवनशैली बदलून २८.५ टक्के घट मिळाली. त्यात ५३१ जणांपैकी स्त्रिया होत्या ११०. चालण्याची मिनिटं मोजणं सोपं, सांगणंही सोपं, खर्च शून्य. सल्ला तिथेच रुतला.

वजनं उचलण्याचा विचार उशिरा आला. २००३ मध्ये पाळी गेलेल्या २८ मधुमेही स्त्रियांवर सोळा आठवड्यांचा एक छोटा अभ्यास झाला. नुसता एरोबिक, म्हणजे चालण्या-पळण्यासारखा, व्यायाम करणाऱ्यांपेक्षा, त्याला वजनांची जोड देणाऱ्यांचं शरीर साखर अधिक चांगली वापरू लागलं. २०१० च्या २६२ मधुमेहींच्या अभ्यासातही, ज्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) लक्षणीय उतरलं ते दोन्ही व्यायाम एकत्र करणाऱ्या गटात. थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश अशा एचआयआयटी पद्धतीचाही इन्सुलिन रेझिस्टन्सवर उपयोग होतो असं नंतर दिसलं. वेळ कमी असलेल्या बाईला ती सोयीची.

पीसीओएससाठीची २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका कुठल्याच एका प्रकाराला सर्वश्रेष्ठ ठरवत नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, आणि लागून नसलेले दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, असं ती सांगते. आपल्याकडे हा शेवटचा भागच गळून जातो.

गोव्यात तो वेगळा सांगावा लागत नव्हता. वाकून भाताची लावणी, मुसळाने कांडप, विहिरीवरून भरलेली कळशी, चवथीला दम लागेपर्यंत घातलेली फुगडी. दंड, पाठ, मांड्या सगळं कामाला लागायचं. ते कष्ट परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण मिक्सर, पंप आणि स्कूटर आल्यावर स्नायूंवरचा भार गेला आणि त्याची जागा फक्त संध्याकाळच्या फेरीने घेतली. त्यात पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवल्याप्रमाणे भारतीय बाळ जन्मतःच वजनाला कमी, पण त्या मानाने चरबीला जास्त आणि स्नायूंना कमी असतं. अशा शरीराला स्नायू राखणं जास्तच गरजेचं.

त्यासाठी जिमच लागते असं नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड काढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातांनी डोक्याच्या वर उचलणं, अशा दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं आणि जवळ साखर ठेवावी.