नाव झाकलं, पण ओळख पुसली का?

दोन वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात एक सर्वेक्षण आलं. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘हे सर्वेक्षण पूर्णपणे निनावी आहे.’ नाव कुठेच विचारलं नव्हतं. फक्त विभाग, वयोगट, स्त्री की पुरुष आणि इथे नोकरीला किती वर्षं झाली, एवढंच. आमच्या लेखा विभागात पन्नाशी ओलांडलेली बाई मी एकटीच. वरिष्ठांच्या वागणुकीबद्दलच्या रकान्यात मी मोकळेपणाने लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, “मॅडम, एवढं मनात होतं तर मला थेट का नाही सांगितलं?”

त्या दिवसापासून मी हे दोन शब्द एकमेकांपासून लांब ठेवते. एक आहे टोपणनावी माहिती, दुसरी निनावी माहिती. ॲपच्या अटींमध्ये, सरकारी घोषणांमध्ये, विज्ञानाच्या बातम्यांमध्ये पहिली देऊन दुसरीचं नाव सांगितलं जातं.

टोपणनाव म्हणजे काय ते मराठी वाचकाला सांगायला नको. कवी दुसऱ्या नावाने लिहितो, पण त्या नावामागे एक ठरावीक माणूस असतो. प्रत्येक कविता त्याच नावाला जाऊन चिकटते, आणि एकदा दुवा कळला की सगळ्या कविता एकदम त्या माणसाच्या होतात. जात्यावरच्या ओवीचं तसं नाही. ती कुठल्या बाईने पहिल्यांदा रचली हे शोधायला धागाच उरलेला नाही. हजारो जणींच्या तोंडून ती आली, प्रत्येकीने एखादा शब्द बदलला. आपली माहिती ‘निनावी’ केली आहे असं कोणी म्हटलं, तर मी विचारते की ती कवितेसारखी आहे की ओवीसारखी? नावाच्या जागी क्रमांक घातला असेल, तर ते टोपणनावच.

हा फरक किती महागात पडतो हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९०च्या दशकात पाहिलं. तिथल्या ग्रुप इन्शुरन्स कमिशनने सरकारी कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय उपचारांच्या नोंदी संशोधकांना दिल्या. नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी क्रमांक काढले होते. जन्मतारीख, लिंग आणि झिपकोड (तिकडचा पिनकोड) तसेच ठेवले होते, कारण आजारांचा अभ्यास करायला ते लागतात. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना सांगितलं की त्यांची गोपनीयता सुरक्षित आहे. एमआयटीत शिकणाऱ्या लटान्या स्वीनी यांनी वेल्ड राहत होते त्या केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली. वेल्ड यांच्याच जन्मतारखेचे मतदार त्या यादीत ६ निघाले. त्यांतले पुरुष ३. वेल्ड यांच्या झिपकोडमध्ये राहणारा एकच. राज्याच्या प्रमुखाची वैद्यकीय नोंद अशी एका विद्यार्थिनीच्या हातात आली. कुठलंही कुलूप तिने तोडलं नव्हतं, फक्त दोन याद्या शेजारी ठेवल्या होत्या.

पुढे स्वीनी यांनी हिशेब मांडला की जन्मतारीख, लिंग आणि झिपकोड एवढ्यावर ८७ टक्के अमेरिकन माणसं एकमेव ठरतात. नंतर दुसऱ्या एका संशोधकाच्या मोजणीत हा आकडा ६३ टक्के आला. तोही पुरेसा भीतिदायक आहे.

आपल्याकडे काय होईल? मी साधं गणित करून पाहिलं. देशात पिनकोड सुमारे १९,००० आणि माणसं १४० कोटी, म्हणजे एका पिनकोडमागे सरासरी ७०,०००च्या वर. ८० वर्षांच्या तारखा साधारण २९,०००, त्याला स्त्री-पुरुष असे दोन धरले की ५८,००० खाने. सत्तर हजार माणसं अठ्ठावन्न हजार खान्यांत बसवली की बहुतेक भरलेल्या खान्यांत एक-दोनच जण सापडतात. याला एक मोठा अपवाद आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ‘१ जून’ लिहून टाकलेली एक पिढी महाराष्ट्रात आहे. माझे वडील त्यातलेच. ती मंडळी गर्दीत लपलेली आहेत, आणि ओळख पुसण्याची युक्ती नेमकी तीच आहे. आपल्यासारखे दिसणारे पुष्कळ जण असले, की बोट कोणाकडे करायचं ते ठरत नाही.

‘पण आम्ही नंबर हॅश करून ठेवतो’ असं कंपन्या सांगतात, तेव्हा त्या टोपणनावाचंच तांत्रिक रूप सांगत असतात. हॅश म्हणजे एका दिशेने चालणारं यंत्र. आत नंबर घातला की बाहेर अक्षरांची अगम्य रांग येते आणि त्या रांगेवरून मागे जाता येत नाही. मात्र तोच नंबर घातला की दर वेळी तीच रांग येते. न्यूयॉर्कमधल्या टॅक्सींच्या २०१३ सालच्या १७ कोटींहून जास्त फेऱ्यांची माहिती पुढच्या वर्षी खुली झाली, तेव्हा टॅक्सीचे परवाना क्रमांक असेच हॅश केले होते. ते क्रमांक ठरावीक साच्याचे असल्यामुळे एकूण शक्यताच मर्यादित होत्या. एका अभियंत्याने सगळ्या शक्यता यंत्रातून काढल्या, जुळणाऱ्या रांगा शोधल्या आणि काही तासांत खरे क्रमांक परत मिळवले. आपले मोबाईल नंबर दहा अंकी आणि ६ ते ९ने सुरू होणारे, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. साध्या हॅशच्या बाबतीत आजच्या ग्राफिक्स कार्डला हे काही मिनिटांचंही काम नाही. नुसत्या हॅशला ‘निनावी’ म्हणणारी कंपनी एक तर अजाण असते किंवा आपल्याला अजाण समजते, आणि दोन्हीचा मला राग येतो.

नंबरही काढून टाकला तरी सवयी उरतात. नेटफ्लिक्सने २००६ साली सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांचे चित्रपटांना दिलेले गुण नावांशिवाय खुले केले. अरविंद नारायणन आणि व्हिताली श्मातिकोव्ह या संशोधकांनी ते आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळावरच्या जाहीर मतांशी ताडून काही माणसं ओळखली. २०१३ साली १५ लाख मोबाईलधारकांच्या हालचालींचा अभ्यास झाला, त्यात ९५ टक्के लोकांचा माग वेगळा काढायला जागा आणि वेळ यांचे चार बिंदू पुरेसे ठरले. रात्रीची जागा आणि दिवसाची जागा हे दोन बिंदू तर तुमच्या शेजाऱ्यालाही माहीत असतात.

मग खरी निनावी माहिती मिळते कशी? मला सर्वांत आवडते ती नाण्याची रीत. समजा एका कॉलेजात २,००० मुलांना विचारायचं आहे, ‘परीक्षेत कधी कॉपी केलीत का?’ प्रत्येकाने आडोशाला नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं उत्तर द्यायचं. काटा पडला तर पुन्हा उडवायचं आणि छाप्याला ‘हो’, काट्याला ‘नाही’ म्हणायचं, खरं काहीही असो. समजा ८०० ‘हो’ आले. नुसत्या नाण्यामुळे आलेले ‘हो’ साधारण ५०० असणार. उरले ३००, ते खरं बोलणाऱ्या सुमारे १,००० जणांपैकी. म्हणजे ३० टक्के मुलांनी कॉपी केली असा अंदाज बांधता येतो, पण एकाही मुलाचा कागद हातात घेऊन ‘तू केलीस’ असं म्हणता येत नाही. त्याच्याकडे नेहमीच ‘नाण्याने हो म्हटलं’ हे उत्तर आहे, आणि ते खरं असू शकतं. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली याच घराण्यातली पद्धत मांडली. पुढे २००६ साली सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी डिफरन्शियल प्रायव्हसी हे गणित उभं केलं. उत्तरात मोजूनमापून थोडा गोंधळ मिसळायचा, एवढा की एखादा माणूस यादीत आहे की नाही याने निकालात जाणवेल असा फरक पडू नये. अमेरिकेने २०२०च्या जनगणनेच्या आकड्यांसाठी हेच वापरलं. त्याची किंमत आहे. लहान गावांचे आकडे थोडे हलतात आणि अभ्यासकांनी त्यावर तक्रारीही केल्या. ती किंमत मला मान्य आहे.

आपल्या कायद्याला हा फरक एका बाबतीत फार आधीपासून कळला आहे. बलात्काराच्या गुन्ह्यातल्या पीडितेबद्दलचं भारतीय दंड संहितेचं २२८-अ हे कलम १९८३ साली आलं आणि आता भारतीय न्याय संहितेत ते ७२वं आहे. त्यात नुसतं नाव छापायला बंदी नाही. ओळख पटू शकेल असं काहीही छापायला बंदी आहे. ‘नाव बदलले आहे’ असं चौकटीत लिहून गावाचं नाव, नवऱ्याचा धंदा आणि मुलांची संख्या छापणारी बातमी म्हणूनच चुकीची असते. त्या गावात तिचं नाव कोणाला सांगावं लागत नाही.

तेवढी समज आपण डेटाच्या बाबतीत अजून दाखवलेली नाही. युरोपच्या २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती संरक्षणाच्या कायद्यामध्ये टोपणनावी माहिती ही वैयक्तिक माहितीच धरली जाते, आणि खऱ्या अर्थाने निनावी झालेलीच कायद्याबाहेर जाते. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ‘जिच्यावरून माणूस ओळखता येतो ती’ अशी व्याख्या आहे, ती चांगली आहे. पण ओळख काढलेल्या माहितीवरून परवानगीशिवाय पुन्हा माणूस शोधणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद २०१९च्या विधेयकात होती. ते विधेयक मागे घेतलं गेलं आणि नव्या कायद्यात ती आली नाही. माझ्या मते ती यायला हवी होती.

साहेबांच्या केबिनमधून बाहेर आल्यावर मी मनुष्यबळ विभागात जाऊन एकच प्रश्न विचारला होता, ‘तुमच्या या रकान्यांनी जे गट पडतात, त्यांतल्या सर्वांत लहान गटात किती माणसं आहेत?’ कोणी मोजलं नव्हतं. तिथल्या मुलीने माझ्यासमोर एक्सेल उघडून मोजलं. एकच माणूस असलेले गट अकरा निघाले, त्यांतली एक मी. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. यंदाच्या फॉर्ममध्ये वयोगटाचा रकाना नाही आणि दहापेक्षा कमी माणसांच्या विभागाची उत्तरं शेजारच्या विभागात मिसळतात. लेखा विभागात आम्ही सात जण आहोत. आमची उत्तरं आता खरेदी विभागाबरोबर जातात.