एका कोड्याची इतकी नावं का?

चौकटीच्या वर आणि डावीकडे आकडे, त्यांच्या आधारे काळी करायची घरं आणि शेवटी उमटणारं चित्र. हे कोडं ज्याला आवडतं, त्याची पहिली अडचण नावाचीच असते. 'नोनोग्राम' म्हणून शोधलं तर एक ढीग सापडतो, 'पिक्रॉस' म्हणून शोधलं तर दुसराच. शिवाय ग्रिडलर्स, हांजी आणि जपानी शब्दकोडं. खेळ मात्र एकच.

सुरुवात जपानमधली. ग्राफिक्स संपादक नॉन इशिदा यांनी १९८७ साली टोकियोतली एक स्पर्धा जिंकली, ती उंच इमारतींच्या खिडक्यांतले काही दिवे लावून आणि काही विझवून साकारलेल्या चित्रांवर. खिडकी म्हणजे घर आणि पेटलेला दिवा म्हणजे भरलेलं घर. पुढच्याच वर्षी त्यांनी 'विंडो आर्ट' या नावानं अशी तीन कोडी प्रसिद्ध केली. त्याच सुमारास तेत्सुया निशिओ या कोडेकारांनाही स्वतंत्रपणे हीच कल्पना सुचली होती. त्यामुळे जनक म्हणून एकाचंच नाव घेणं मला अन्यायाचं वाटतं.

'नोनोग्राम' हे नाव ब्रिटनमध्ये पडलं. कोड्यांचे संग्राहक जेम्स डॅलगेटी यांनी ते नॉन इशिदा यांच्या नावावरून बेतलं आणि १९९० पासून 'द संडे टेलिग्राफ'मध्ये ही कोडी दर आठवड्याला येऊ लागली. १९९८ मध्ये याच वृत्तपत्रानं नव्या नावासाठी स्पर्धा घेतली, त्यातून 'ग्रिडलर्स' आलं.

'पिक्रॉस' हे 'पिक्चर क्रॉसवर्ड'चं लघुरूप. निन्टेन्डो या जपानी खेळकंपनीनं १९९५ मध्ये गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर 'मारिओज पिक्रॉस' आणला आणि कोडं कागदावरून पडद्यावर गेलं. त्याच्यासोबत एक नवा नियमही आला: ३० मिनिटांची मुदत आणि चुकीचं घर भरलं की त्यातून आधी २ मिनिटं कापली जाणार, पुढच्या चुकीला ४, मग ८. म्हणजे घर चुकलं हे यंत्रच तिथल्या तिथे सांगून टाकतं. माझ्या मते यानं कोड्याचा जीवच जातो, कारण अंदाजानं टिचकी मारणाराही पुढे सरकत राहतो. त्याच वर्षीच्या 'मारिओज सुपर पिक्रॉस'मध्ये मात्र मारिओचा प्रतिस्पर्धी असलेल्या वारिओ या पात्राच्या नावाची वेगळी कोडी होती: वेळेची अट नाही आणि चुकीची सूचनाही नाही. आजही नवा खेळ हाती घेतला की मी आधी सेटिंगमध्ये जाऊन अशी सोय आहे का ते बघतो.

कारण खरी मजा खात्रीनं घर भरण्यात आहे. १० घरांच्या ओळीवर '४ ३' लिहिलंय असं समजा, म्हणजे आधी सलग ४ काळी घरं आणि थोडी जागा सोडून सलग ३. दोन गट आणि मधलं एक रिकामं घर मिळून ८ घरं लागतात, म्हणजे सरकायला जागा फक्त २ घरांची. गट कितीही डावी-उजवीकडे हलवा, तिसरं, चौथं आणि आठवं घर काळंच राहणार.

पण प्रत्येक चौकट अशी सुटेलच असं नाही. २×२ ची चौकट घ्या, चारही ठिकाणी '१' लिहा. दोन्ही कर्ण बरोबर ठरतात, तर्कानं निवड करताच येत नाही. मोठ्या चौकटीत अशी जागा लपून बसते. शिवाय कुठलंही नोनोग्राम झटपट सोडवून देणारी सर्वसाधारण रीत गणितज्ञांनाही सापडलेली नाही. १९९६ मध्ये हा प्रश्न 'एनपी-कम्प्लीट', म्हणजे झटपट सोडवायची रीत माहीत नसलेल्या अवघड प्रश्नांच्या गटातला, असल्याचं सिद्ध झालं. म्हणूनच नुसतं चित्र घेऊन त्याचे आकडे काढून दिले की चांगलं कोडं होत नाही. ते एकाच उत्तराचं आहे आणि अंदाजाशिवाय सुटतं, हे कुणीतरी तपासावं लागतं.

हे तपासलेलं हवं असेल तर दोन टोकं सांगतो. पहिल्या पिक्रॉसपासून या कामात असलेली ज्युपिटर ही कंपनी २०१७ पासून निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर 'पिक्रॉस एस' मालिका काढते आहे. तिथे ओळखू येणारी चित्रं मिळतात. दुसऱ्या टोकाला प्रोग्रामर सायमन टॅथम यांच्या मोफत कोडीसंग्रहातलं 'पॅटर्न'. त्यात चित्र नसतं, नुसते काळे-पांढरे पुंजके असतात, पण यंत्रानं बनवलेली ती चौकट दरवेळी निव्वळ तर्कानं सुटते.