लिनक्समधील प्रोसेसनिहाय साधनवापर

चालू असलेली प्रत्येक प्रोसेस (म्हणजे चालता प्रोग्रॅम) प्रोसेसरचा किती वेळ घेते, किती मेमरी अडवते आणि डिस्कवर किती वाचते-लिहिते, यावर लक्ष ठेवण्याची पद्धत. लिनक्समध्ये हा सगळा हिशेब कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभाच ठेवतो; टॉप, पीएस, एचटॉप ही साधने तो वाचून मांडतात. त्यामुळे पडद्यावरचा आकडा सहसा चुकीचा नसतो. तो नेमका कशाचा आकडा आहे, इथे मात्र अनुभवी ॲडमिनचीही गफलत होते.

जुन्या युनिक्समध्ये पीएसला ही माहिती थेट कर्नलच्या मेमरीत डोकावून काढावी लागे आणि त्यासाठी खास अधिकार लागत. बेल लॅब्जमधील टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये प्रत्येक प्रोसेस फाइलच्या रूपात दाखवण्याची कल्पना मांडली. त्यांचा हेतू मुख्यतः डीबगिंगचा, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा होता. हीच कल्पना पुढे प्लॅन ९ या प्रणालीत वाढली आणि लिनक्सने तोच मार्ग धरला. १९८४ मध्येच विल्यम लेफेव्हर यांनी टॉप लिहिला. हिशम मुहम्मद यांचा रंगीत एचटॉप २००४ मधला.

लिनक्सच्या ‘प्रॉक’ या डिरेक्टरीत प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाची एक उपडिरेक्टरी असते. तिच्यातल्या फाइली डिस्कवर नसतात. वाचायला घेतल्या की कर्नल तिथल्या तिथे मजकूर तयार करून देतो. त्यांतली ‘स्टॅट’ म्हणजे आकड्यांची एकच लांबलचक ओळ. तिच्यात चौदावा आकडा प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कामात गेलेल्या वेळेचा आणि पंधरावा त्याच्यासाठी कर्नलने खर्च केलेल्या वेळेचा असतो. एकक ‘टिक’, म्हणजे बहुधा सेकंदाचा शंभरावा भाग. टॉप ही ओळ ठरावीक अंतराने वाचतो आणि वजाबाकी करतो. दोन्हींची बेरीज आधी १२,४०० आणि ३ सेकंदांनी १२,७०० आली, तर ३०० टिक म्हणजे ३ सेकंद खर्च झाले. टॉप १०० टक्के दाखवणार. प्रोसेसरचे चार कोअर (स्वतंत्र गणन-भाग) पूर्ण वापरणारी प्रोसेस ४०० टक्क्यांवर दिसते, आणि त्यात बिघाड काही नाही. विंडोजचा टास्क मॅनेजर सगळे कोअर मिळून १०० धरतो, म्हणून चार कोअरच्या यंत्रावर एक कोअर व्यापणारी प्रोसेस तिथे २५ वर दिसते. (स्टॅट वाचणारी स्क्रिप्ट स्वतः लिहिणाऱ्यांसाठी : दुसरा रकाना प्रोसेसच्या नावाचा असतो आणि नावात मोकळी जागा असू शकते. ओळ सरळ मोकळ्या जागेवर तोडली की पुढचे सगळे रकाने सरकतात.)

पीएसमधली टक्केवारी निराळी. ती प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. दहा दिवस शांत असलेली डेटाबेसची प्रोसेस गेल्या पाच मिनिटांपासून लूपमध्ये अडकली असेल, तर टॉप १०० दाखवेल आणि पीएस जवळजवळ शून्य. ‘आत्ता काय चाललंय’ यासाठी पीएसची टक्केवारी कामाची नाही.

मेमरीचा हिशेब अधिक घोळाचा. ‘व्हर्ट’ म्हणजे प्रोसेसने मागून ठेवलेला पत्त्यांचा विस्तार. तो कितीही मोठा दिसला तरी घाबरायचे कारण नाही. ‘रेस’ म्हणजे प्रत्यक्ष रॅममध्ये असलेला भाग, पण त्यात इतरांशी सामायिक पानेही (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) धरलेली असतात. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या प्रत्येक जोडणीला एक प्रोसेस असते आणि सगळ्या मिळून एकच सामायिक बफर वापरतात. त्यांच्या रेसची बेरीज केली की ती यंत्रातल्या एकूण रॅमपेक्षाही जास्त भरू शकते. यावर उपाय पीएसएस : सोसायटीच्या लिफ्टचा खर्च सदनिकांवर वाटावा, तसे सामायिक पान वापरणाऱ्या प्रोसेसमध्ये विभागून मोजले जाते. हा आकडा ‘एसमॅप्स’ फाइलीत मिळतो. मोठ्या प्रोसेससाठी ती वाचणे महाग पडते, म्हणून कर्नल ४.१४ पासून (२०१७) बेरजा करून ठेवलेली वेगळी फाइल आली.

लोड ॲव्हरेज (चालू किंवा वाट पाहत असलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) चढलेला आणि प्रोसेसर मात्र रिकामा, असे दिसले तर अवस्थेच्या रकान्यात ‘डी’ शोधावा. डिस्क किंवा नेटवर्कवरच्या फाइल सर्व्हरची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसची ही खूण. लिनक्स त्यांनाही लोडमध्ये मोजतो. अशी प्रोसेस अनेकदा ‘किल’ या प्रोसेस बंद करण्याच्या आज्ञेलाही दाद देत नाही, कारण वाट पाहणे संपेपर्यंत तिच्यापर्यंत सिग्नल पोचतच नाही.

नेटवर्कचा प्रोसेसनिहाय आकडा प्रॉकमध्ये नाही. प्रोसेसच्या डिरेक्टरीत ‘नेट’ नावाचा विभाग असतो खरा, पण तो तिच्या संपूर्ण नेटवर्क नेमस्पेसचा, म्हणजे तेच नेटवर्क वापरणाऱ्या साऱ्या प्रोसेसच्या गटाचा हिशेब देतो. तो एकट्या प्रोसेसचा समजून आलेख काढणारे कमी नाहीत.

एकट्या प्रोसेसऐवजी गटाचा वापर मोजायचा आणि त्याला मर्यादा घालायची सोय सीग्रुपने केली. गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये हे काम सुरू केले. २००८ च्या जानेवारीत ते कर्नल २.६.२४ मधून आले. आजचे कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळे ठेवून चालवण्याचे कप्पे, यावरच उभे आहेत. पण कंटेनरच्या आत चालवलेला टॉप सहसा संपूर्ण यंत्राची मेमरी दाखवतो. वर भरपूर मोकळी मेमरी दिसत असताना आतली प्रोसेस मारली जाते, ती गटाची मर्यादा ओलांडल्यामुळे. अशा वेळी सीग्रुपच्याच फाइली पाहाव्यात.

ठरावीक अंतराने नमुने घेणाऱ्या साऱ्याच साधनांना एक मर्यादा आहे. टॉप मुळात दर ३ सेकंदांनी पाहतो. त्यामधल्या काळात जन्मून संपलेली प्रोसेस यादीत येतच नाही. एखादी शेल स्क्रिप्ट लूपमध्ये हजारो वेळा ‘ग्रेप’ हा मजकूर शोधणारा छोटा प्रोग्रॅम चालवत असेल, तर प्रोसेसर गजबजलेला दिसतो आणि यादीत मात्र कुणीच दोषी सापडत नाही. तिथे नवी प्रोसेस सुरू होण्याच्या क्षणीच नोंद करणारी, ईबीपीएफवर (कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीवर) आधारित ‘एक्झेकस्नूप’सारखी साधने वापरतात.