सामाजिक गृहनिर्माण

सामाजिक गृहनिर्माण : बाजारभावाने घर घेणे किंवा भाड्याने राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी शासन, नगरपालिका, सहकारी संस्था किंवा ना-नफा संस्था यांनी उभारलेली व चालवलेली घरे. मालकी थेट शासनाची असल्यास ‘सार्वजनिक गृहनिर्माण’ म्हणतात, पण व्यवहारात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. या घरांचे भाडे बांधकामाचा खर्च किंवा कुटुंबाचे उत्पन्न पाहून ठरते. चर्चा बहुधा ‘किती घरे बांधली’ याभोवतीच फिरते. अनेक योजना फसल्या त्या मात्र किल्ल्या वाटून झाल्यावर : देखभालीला पैसा उरला नाही, जागा शहराबाहेर होती किंवा घरेच हळूहळू विकली गेली. किल्लीवाटपाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, दुरुस्त झालेल्या लिफ्टचे येत नाही.

लंडनची बाउंडरी इस्टेट (१९००) ही नगरशासनाने बांधलेल्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. पण या विषयात सर्वाधिक अभ्यास झाला तो ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नाचा. तेथील नगरपालिकेने १९२३ पासून गृहबांधणी कर लावला. त्याचा दर घर जितके आलिशान तितका चढा होता. या आणि इतर करांच्या पैशातून सुमारे दहा वर्षांत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. त्यांपैकी कार्ल-मार्क्स-होफ ही इमारत एक किलोमीटरहून लांब असून तिच्यात १,३८२ घरे होती. भूखंडाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी जागेवर बांधकाम झाले. उरलेल्या जागेत अंगणे आणि बागा ठेवल्या. धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या वसाहतीतच होत्या. बांधकाम कर्जाऐवजी करातून झाल्याने भाड्यातून फक्त देखभाल आणि चालू खर्च भागवायचा होता, आणि तो भागत असे. आजही सुमारे २.२ लाख घरे नगरपालिकेच्या मालकीची आहेत. शहराची साधारण निम्मी लोकसंख्या नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहते. पात्रतेची उत्पन्नमर्यादा बरीच वर असून, नंतर उत्पन्न वाढले म्हणून कोणाला घर सोडावे लागत नाही. त्यामुळे या वसाहती केवळ गरिबांच्या म्हणून ओळखल्या जात नाहीत.

याच्या उलट उदाहरण म्हणजे अमेरिकेतील सेंट लुईस शहराची प्रुइट-आयगो वसाहत. १९५० च्या दशकाच्या मध्यास ती पूर्ण झाली : अकरा मजली ३३ इमारती, सुमारे २,८७० घरे. बांधकामाला केंद्राचा पैसा मिळाला, देखभाल मात्र भाड्यातूनच करायची होती. शहराची लोकसंख्या घटत गेली, ऐपत असलेली कुटुंबे उपनगरांत गेली, घरे रिकामी पडली, भाडे आटले आणि दुरुस्त्या थांबल्या. खर्च वाचवण्यासाठी लिफ्ट फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यांवर थांबेल अशी केली होती. बाकीच्यांनी जिना चढायचा किंवा उतरायचा. १९७२ मध्ये पाडकाम सुरू झाले आणि १९७६ पर्यंत वसाहत भुईसपाट झाली. दोष आधुनिक वास्तुरचनेवर ढकलला गेला, ते फारसे न्याय्य नाही. कारण उंच इमारतींतच सिंगापूरचे बहुसंख्य रहिवासी नीट राहतात. तेथे १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले, १९६६ च्या कायद्याने जमीन स्वस्तात संपादित करता आली, आणि देखभाल व नूतनीकरणाची कायमची व्यवस्था लागली. अडचण तेथेही आहे, पण वेगळी. घरे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर विकलेली असल्याने जुन्या घरांचा पट्टा सरत चालला आहे, आणि तो संपला की घर मंडळाकडे परत जाते.

ब्रिटनमध्ये घरे पडली नाहीत, विकली गेली. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना राहते घर मोठ्या सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि एकट्या इंग्लंडात अठरा लाखांहून अधिक घरे नगरशासनांच्या हातून गेली. तितकी नवी बांधली गेली नाहीत. विकलेली अनेक घरे आज खासगी मालक भाड्याने देतात, आणि त्यातले काही भाडे सरकारी मदतीतूनच भरले जाते. बर्लिनने २००४ मध्ये सुमारे ६५,००० घरांची आपली कंपनी विकली. २०२१ च्या सार्वमतात मात्र मोठ्या कंपन्यांची घरे सार्वजनिक मालकीत घ्यावीत, असा कौल बहुमताने पडला. देखभाल-नूतनीकरणातली हयगय जिवावर कशी बेतते, हे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरने दाखवले. नूतनीकरणात बसवलेल्या ज्वलनशील बाह्य आवरणामुळे २०१७ मध्ये आग भडकली आणि ७२ जणांचा बळी गेला.

मेक्सिको, ब्राझील, दक्षिण आफ्रिका येथे प्रश्न जागेचा आहे. जमीन स्वस्त म्हणून घरे शहराच्या कडेला बांधली गेली, मग कामावर जाण्यातच वेळ आणि पैसा खर्च होऊ लागला. मेक्सिकोत तर अशी असंख्य घरे लोकांनी सोडून दिली.

चिलीतील इकिके येथे वास्तुविशारद आलेहान्द्रो आराव्हेना यांच्या गटाने २००४ च्या सुमारास या पेचावर तोडगा काढला. अनुदान कुटुंबामागे सुमारे ७,५०० डॉलर, तेही जमिनीसकट. त्यांनी शहरातली महाग जागा सोडली नाही आणि अर्धेच घर बांधले : स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, सामाईक भिंती, म्हणजे कुटुंबाला स्वतः बांधायला जड जाणारे सगळे. शेजारी घराएवढीच मोकळी फट ठेवली, ती लोकांनी सवडीने भरली. शासनाचे काम गरिबांच्या गळ्यात घातले, हा यावरचा आक्षेप अगदीच गैर नाही.

फ्रान्समधील बोर्दो येथे वास्तुविशारद लाकातों आणि वासाल यांनी जुन्या वसाहतीतील ५३० घरे पाडू दिली नाहीत. इमारतीबाहेर जवळपास चार मीटर रुंदीचा नवा थर जोडला, खिडकीखालची भिंत कापून सरकते काचेचे दार लावले, आणि प्रत्येक घराला प्रशस्त उजेडी खोली व सज्जा मिळाला. काम चालू असताना रहिवासी तेथेच राहिले. फिनलंडने २००८ पासून बेघरांची रात्रनिवासस्थाने बंद करत त्यांना स्वतःच्या नावाचा भाडेकरार दिला. व्यसनमुक्ती वा नोकरीची अट आधी घातली नाही.

उरुग्वेमध्ये १९६८ च्या कायद्याने श्रमसहकारी संस्थांना मान्यता मिळाली. सभासद कुटुंबे दर आठवड्याला ठरलेले तास बांधकामावर राबतात. मालकी संस्थेचीच राहते. कुटुंबाला वापराचा, वारशाने पुढे जाणारा हक्क मिळतो, पण बाजारात विकण्याचा नाही. आपले घर कोणते, हे बहुतेक संस्थांत काम संपेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. वाटप शेवटी चिठ्ठ्या टाकून होते.